केसपेपरचं इंग्रजी: शिकतानाच्या नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर

१२ जानेवारी

पैसे कुठे गेले ते आधी सांगते म्हणजे तुमचे वाचतील. मेडिकल इंग्लिशचा एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, साडेतीन हजार, ए पासून झेड पर्यंत रोज व्हिडिओ आणि रोज पन्नास शब्द. दिवाळी ते नाताळ नुसत्या ए मध्येच गेली. अबेसिया म्हणजे चालता न येणं, अकॅन्थोसिस म्हणजे कातडी जाड होणं, सगळं पाठ, आणि आमच्याकडच्या एकाही कागदावर यातलं काही आलं नाही. पैसे परत मागितले तर मेसेजच्या टिका निळ्या होतात, उत्तर येत नाही. सोडून दिलं.

माझं काम म्हणजे देवगड तालुक्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात डिस्चार्ज समरी टाइप करणं आणि मेडिक्लेमच्या फायली लावणं. डॉक्टर राउंड संपवून येतात, उभ्या उभ्या सांगतात, मी टाइप करते. शाळा मराठी मीडियम, नंतर बी.कॉम., त्यामुळे डेबिट क्रेडिटचं इंग्रजी येतं पण हे येत नाही, ऐकू येईल तसं टाइप करायचं आणि सिस्टरना विचारायचं असं चाललंय. तालुक्याच्या गावांत अशा टेबलावर बसणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी.

२६ जानेवारी

आता उलटं सुरू केलंय. पुस्तकातली यादी बंद, आमच्याच कॉम्प्युटरमधल्या गेल्या वर्षीच्या समऱ्या उघडल्या आणि जो शब्द अडला तो वहीत. पेशंटचं नाव, गाव, वय काहीही उतरवायचं नाही, नुसता शब्द, हा नियम पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि डॉक्टरांना विचारूनच केलंय, तुम्ही पण विचारूनच करा.

दोन संध्याकाळीत दिसलं की शब्द वाटतात हजार पण त्यांचे तुकडे थोडेच आहेत. मधला तुकडा बहुतेक अवयवाचा: हेपॅट म्हणजे लिव्हर, नेफ्र म्हणजे किडनी, गॅस्ट्र म्हणजे जठर, आर्थ्र म्हणजे सांधा. शेवटचा तुकडा सांगतो काय झालंय किंवा काय केलंय: आयटिस आलं की सूज आणि दाह, मेगॅली म्हणजे वाढलेलं, अल्जिया म्हणजे दुखणं. पुढचा तुकडा किती, कसं ते सांगतो, टॅकी म्हणजे भरभर, ब्रॅडी म्हणजे हळू, डिस म्हणजे त्रासाने. मग हेपॅटोमेगॅली पाठ करायला लागत नाही, वाचलं की कळतं. वहीचं पान उभं तीन भागात दुमडलं आणि तुकडे त्या त्या भागात लिहिले, कोर्सच्या दोन महिन्यांत जे झालं नाही ते इथे होतंय.

शेवटचा तुकडा आधी वाचायची सवय लावा. आपण पुढून वाचतो आणि मधेच दमतो.

९ फेब्रुवारी

बीपी दाखवायला आमचे शाळेतले संस्कृतचे गुरुजी आले होते, नंबरला वेळ होता म्हणून वही चाळत बसले आणि म्हणाले, अगं यातलं अर्धं तुला येतंय. अस्थि आणि ग्रीक ऑस्टिऑन एकाच घरातले, म्हणून ऑस्टिओ म्हणजे हाड. हृद् आणि कार्डिया. जानु म्हणजे गुडघा, लॅटिनमध्ये गेनू, आणि मुलांचे गुडघे आत वळलेले असले की केसपेपरवर जेनू व्हॅल्गम लिहितात ते हेच. दन्त आणि ओडोन्ट. नाभि आणि ओम्फॅलॉस, म्हणून बाळाची बेंबी चिघळली की ओम्फॅलायटिस. यकृत आणि हेपार कानाला अजिबात जुळत नाहीत पण मूळ एकच, मधे लॅटिनचं येकुर ठेवलं की थोडं दिसतं म्हणाले.

हे सगळे शब्द त्याच दिवशी बसले, परत बघावे लागले नाहीत. पण याच्यामागे वाहवत जाऊ नका. मी पुढचा आठवडा प्रत्येक शब्दाला संस्कृत शोधत बसले, नेफ्रला जोडी मिळेना, गॅस्ट्रला मिळेना, नुसता वेळ गेला. जुळलं तर घ्यायचं, नाही तर घोकायचं.

२ मार्च

फोनवर अँकी घेतलं, कार्डं दाखवून पाठांतर करून घेणारं ॲप. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत. कार्ड आठवलं तर जास्त दिवसांनी विचारतं, नाही आठवलं तर लगेच परत. कुणीतरी बनवलेला हजारो कार्डांचा मेडिकल डेक उतरवला आणि तिथेच गाडी रुतली, कारण तो अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांचा, मला नको असलेलं बायोकेमिस्ट्री सगळं त्यात, आणि दोन दिवस उघडलं नाही की शेकड्याने कार्डं थकबाकीत. थकबाकी बघूनच फोन खाली ठेवावासा वाटतो. डेक उडवला. आता माझीच कार्डं, दिवसाला पाच सहा नवीन, जास्त नाही.

शिवाय पुठ्ठ्याची कार्डं पण केली, कारण वॉर्डात फोन घेऊन बसलं की सगळ्यांना वाटतं रील बघतेय. चार कप्प्यांचा डबा: आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि शेवटचा महिन्याने. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ मध्ये मांडली, अँकीच्या आत पण कल्पना तीच. ड्रॉइंग शीट कापून घेतली, मिठाईचा जुना डबा, सगळा खर्च ऐंशी रुपये.

१६ मार्च

मेडिक्लेमची फाइल परत आली. पेशंटला कोल्हापूरला किडनीत नळी घातली होती, नेफ्रोस्टॉमी, आणि आमच्या समरीत जुन्या इतिहासात छापून गेलं नेफ्रेक्टमी. म्हणजे किडनी काढली. कंपनीने विचारलं, काढलेल्या किडनीत यंदा खडा कसा झाला. हसायला येतं पण त्या माणसाचे पैसे महिनाभर अडकले.

शोधलं तर टाइप केलेलं बरोबर होतं, कॉम्प्युटरने आपणहून बदललं. ऑटोकरेक्टला एक शब्द माहीत, दुसरा नाही, की याच्या जागी तो. त्या दिवशी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद केलं, स्पेलिंगची लाल रेघ चालू ठेवली, ती नुसतं दाखवते, हात लावत नाही. भाषा युनायटेड स्टेट्सवर होती ती इंडियावर टाकली.

आणि तीन शेपट्या एकाच कार्डावर घेतल्या, वेगळ्या ठेवल्या तर घोळ होतोच: ओटमी म्हणजे नुसतं कापून उघडणं, ओस्टमी म्हणजे उघडून तोंड ठेवणं, एक्टमी म्हणजे काढूनच टाकणं. कार्डाच्या मागे पोटाचं चित्र काढलंय, घरी कुणाला दाखवण्यासारखं नाही पण काम होतं.

१३ एप्रिल

आंब्याचा सीझन. आणि इथे मला या सगळ्या उद्योगाची दिशा सापडली असं वाटतं.

आठवडाभर तेच ते शब्द येतायत. झाडावरून पडलेला माणूस टाचांवर आपटतो, टाचेचं हाड म्हणजे कॅल्केनियम, त्याचा फ्रॅक्चर. टाचेतून जोर वर मणक्यात जातो म्हणून डॉक्टर टाच फुटलेली दिसली की पाठीचा एक्सरे पण सांगतात, आणि रिपोर्ट येतो वेज कॉम्प्रेशन एल वन. म्हणजे कमरेचा पहिला मणका पुढून दबून पाचरीसारखा झालाय. हात टेकून पडला असेल तर कॉलीज फ्रॅक्चर, मनगटाजवळ, डब्लिनच्या अब्राहम कॉलीसने १८१४ मध्ये लिहून ठेवलेला. त्याच्यापुढे डॉक्टर लिहितात फूश. मी इतके दिवस ते कुणाचं आडनाव समजत होते, तर फॉल ऑन आउटस्ट्रेच्ड हँड.

तर म्हटलं, अभ्यासक्रम वेगळा कशाला लावायचा, तो दारातून आत येतोच आहे. आंब्यात हाडं, गरमीत विंचू, लावणीत लेप्टो, पावसाच्या शेवटी डेंग्यू, कापणीत फुरसं साप. त्या त्या महिन्यात तेच शब्द रोज कानावर पडतात, कागदावर दिसतात, माणूस समोर बसलेला असतो. डब्याचे कप्पे तेच ठेवले पण नवीन कार्डं आता सीझनप्रमाणेच घालणार. तुम्ही घाटावर असाल तर तुमचा सीझन वेगळा, ऊसतोडीचा असेल, आमची यादी उचलू नका.

४ मे

विंचवाचे दोन पेशंट. या निमित्ताने पहिल्यांदा खरा शोधनिबंध वाचायला घेतला, म्हणजे त्याचा वरचा सारांश, पबमेड या डॉक्टरी निबंधांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, २०२२ ला पद्मश्री मिळाली ते, त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून माणसं वाचवली, ते काम आपल्याच कोकणातलं. त्यामुळे वाचताना निम्मी गोष्ट आधीच माहीत असते. घाम फुटणं, हातपाय गार पडणं, उलट्या, छाती भरून येणं हे आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं, मग परस्पिरेशन, कोल्ड एक्स्ट्रिमिटीज, पल्मनरी इडीमा हे शब्द आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात.

पहिला सारांश वाचायला रविवारची अख्खी दुपार लागली. अडलेला प्रत्येक शब्द शोधत गेले तर शेवटच्या ओळीला पहिली विसरले. दुसऱ्यांदा नुसतं रेघ मारत पुढे गेले आणि शोधायचं नंतर, ते जमलं. नवख्याने अख्खा निबंध घेऊ नये, त्यातलं आकड्यांचं इंग्रजी वेगळंच असतं.

१५ जून

पाऊस लागला आणि कार्डं गेली. म्हणजे पहिल्या आठवड्यात वाकडी झाली, दुसऱ्या आठवड्यात मावशी डबा उघडून म्हणाल्या, "गे, तुझ्या कागदांका बुरशी इली." जेल पेनने लिहिलेली तर वाचता येईनात, शाई पसरून निळे ढग. बॉलपेनची तगली.

परत सगळी लिहिली, बॉलपेनने, आणि या वेळी झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा. मेडिकलवाल्या दादांकडून गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांतल्या त्या छोट्या पुड्या आणल्या, सिलिका जेलच्या, मूठभर आत टाकल्या. अजूनपर्यंत तरी कोरडी आहेत. आणि लाइट गेली, नेट गेलं की अँकीचं सिंक होत नाही, त्यामुळे कागद लागतोच, कुणी काही म्हणो.

२० जुलै

लावण्या जोरात, लेप्टोचा ताप सुरू, पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातून चिखलात, चिखलातून पायाच्या चिरेतून अंगात. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं, जंतू तसाच दिसतो. कावीळ आणि किडनीवर गेलेला असेल तर डॉक्टर वाइल्स डिसीज म्हणतात, आडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने १८८६ मध्ये वर्णन केला म्हणून. मी आधी व्हील टाइप केलं होतं, सिस्टरनी वेळेत बघितलं. मेडिक्लेमला कोड लागतो तो ए सत्तावीस.

याचे शब्द मी पेशंटच्या तोंडून गोळा केले, हे फार उपयोगी पडलं. आजी म्हणते, "भूक लागना नाय, तोंडाक चव नाय." कागदावर ॲनोरेक्सिया. पोटऱ्या हात लावू देत नाहीत, काफ टेंडरनेस. सगळं अंग ठणकतंय, मायाल्जिया. डोळे लाल पण चिपाडं नाहीत, कंजंक्टायव्हल सफ्यूजन. लघवी कमी झाली, ऑलिगुरिया. कार्डाच्या एका बाजूला आजीचं वाक्य, दुसऱ्या बाजूला कागदावरचा शब्द. मराठी परिभाषेतला जड शब्द मधे घातलाच नाही, तो मला तरी तिसरी भाषा होतो. ॲनोरेक्सिया गुगल केलं तर बारीक व्हायच्या नादात जेवण सोडणाऱ्या मुली येतात, तो वेगळा आजार, आपल्या कागदावर त्याचा अर्थ साधा, भूक नाही.

आता या महिन्यातलं सगळ्यात धोक्याचं. आमच्या टेबलावर वर पत्रा आहे, पाऊस पडला की समोरचा माणूस ओरडला तरी हायपो की हायपर कळत नाही. एक म्हणजे कमी, एक म्हणजे जास्त. त्यात हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सेमिया: पहिलं पोटॅशियम, दुसरं कॅल्शियम, मधे एका स चा फरक. पोटॅशियमला लॅटिनमध्ये कॅलियम म्हणतात म्हणून कॅलेमिया आणि म्हणून रिपोर्टवर नुसतं के. सोडियम नेट्रियम, म्हणून एनए आणि नेट्रेमिया. हे कळल्यावर थोडं सोपं झालं पण ऐकू न येण्याचं काय करायचं. एकदा विचारायचं, दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा डॉक्टरांची भुवई वर जाते.

आता आकडा विचारते. "सर, व्हॅल्यू किती?" दोन पॉइंट नऊ म्हणाले की पोटॅशियम, कमी, कारण नॉर्मल साडेतीन ते पाच. सोडियम एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस, त्याचा आकडा तीन अंकीच. आणि समरीत शब्दाच्या शेजारी आकडा पण टाइप करते, म्हणजे पुढे कुणी वाचताना अडखळलं तर आकडा सांगेल. डॉक्टर उलट खूश झाले. ही एकच गोष्ट घेतलीत तरी चालेल.

१७ ऑगस्ट

ताप, डेंग्यू. नातेवाईक सगळे एकच विचारतात, "पांढऱ्या पेशी किती झाल्या?" त्यांना म्हणायच्या असतात प्लेटलेट्स. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या कमी झाल्या की ल्युकोपेनिया, प्लेटलेट्स कमी झाल्या की थ्रॉम्बोसायटोपेनिया, आणि डेंग्यूत दोन्ही उतरू शकतात, मग रिपोर्ट वाचून दाखवताना फार गोंधळ होतो. थ्रॉम्बो म्हणजे गुठळी, सायटो म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे तुटवडा. आता मी आधी बोट ठेवून विचारते, ही ओळ की ही ओळ, मगच आकडा.

शेजारच्या टेबलाचा प्रॉब्लेम पण सुटला. जुन्या समऱ्यांत ॲनिमिया शोधलं की निम्म्याच सापडायच्या, कारण निम्म्या ब्रिटिश स्पेलिंगच्या, मधे ए-ई, आणि निम्म्या अमेरिकन, नुसता ई. तसंच इडीमा आणि ईसोफेगस, ब्रिटिश डिक्शनरीत हे ओ खाली असतात, ई खाली शोधून शोधून मी नादच सोडला होता. एकच काहीतरी धरा. आम्ही ब्रिटिश धरलं आणि शोधताना दोन्ही टाकतो.

३१ ऑगस्ट

गणपतीत काम थंड, पण चाकरमान्यांत एक भाचा आलाय मुंबईहून, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. मोदक खाता खाता माझी कार्डं बघितली आणि उच्चारांची पार वाट लावली. प्टोसिस नाही मामी, टोसिस, पी मुका. मण्यार चावली की पापण्या पडतात तो टोसिस. सूडोमोनास या जंतूचा पी पण मुका, न्यूमोनियाचा तर सगळ्यांना माहीत. गिळता न येणं डिस्फेजिया, बोलता न येणं डिस्फेझिया, त्याने म्हणून दाखवलं तरी मला दोन्ही सारखेच ऐकू आले.

गंमत म्हणजे आमच्या वॉर्डात सगळे प्टोसिसच म्हणतात, डॉक्टर धरून. मी टोसिस म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या काय ते. मग ठरवलं, कार्डावर बरोबर उच्चार, वॉर्डात वॉर्डाचा उच्चार. डिस्फेजियाला मात्र हायपोवालाच उपाय: "सर, गिळायचं की बोलायचं?" इथे लाजून चालत नाही.

२१ सप्टेंबर

छोट्या अक्षरांचा महिना. सी/ओ म्हणजे कम्प्लेंट ऑफ, के/सी/ओ म्हणजे नोन केस ऑफ, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तरच, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. बीडीपासून स्टॅटपर्यंतची सगळी लॅटिन. ओडी मात्र सांभाळा, गोळीपुढे असेल तर दिवसातून एकदा, डोळ्यांच्या कागदावर असेल तर उजवा डोळा. एमएस म्हणजे हृदयाची झडप अरुंद झालेली पण असू शकते, मल्टिपल स्क्लेरोसिस पण, आणि मॉर्फिन सल्फेट पण. अशी अक्षरं मी समरीत पूर्ण लिहायला लागले, टाइप करायला दुप्पट वेळ जातो, पण मेडिक्लेमच्या क्वेऱ्या कमी यायला लागल्यात.

१९ ऑक्टोबर

भातकापणी, फुरसं. पेंढीत हात घातला की चावतं, एवढंसं असतं. याचं विष रक्त गोठू देत नाही, केसपेपरवर कोॲग्युलोपॅथी. तपासायची पद्धत बघायला मिळाली, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत दोन एमएल रक्त, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी आडवी करायची. रक्त वाहिलं की गोठलेलं नाही, अँटीव्हेनम सुरू. काचेचीच हवी, प्लास्टिक चालत नाही, आणि साबणाने धुतलेली पण चालत नाही, टेक्निशियन दादा यावरून सगळ्यांना ओरडतात.

रक्त कुठून येतंय याची कार्डं एका गठ्ठ्यात केली: नाकातून एपिस्टॅक्सिस, लघवीतून हीमॅच्युरिया, उलटीतून हीमॅटेमेसिस, खोकल्यातून हीमॉप्टिसिस, काळी शी होणं मेलिना. हीमॅटेमेसिस आणि हीमॉप्टिसिस अजून अडतात. एमेसिस म्हणजे उलटी एवढं धरलं की एक सुटतो, उरला तो खोकला.

२६ ऑक्टोबर

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला लागलेली एक मुलगी वॉर्डात शिकायला येते, तिने डबा मागितला. तिचं म्हणणं कार्डं एबीसीडीप्रमाणे लावून द्या, सापडायला सोपं. नाही लावणार म्हटलं, हवा तर शेवटी एक इंडेक्स लिही. ती सध्या फुरशाचा गठ्ठा उतरवून घेतेय, मोबाइलने फोटो काढू नको, हाताने लिही एवढंच सांगितलं.

मी इको रिपोर्टांकडे वळलेय, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या. आरडब्ल्यूएमए म्हणजे रिजनल वॉल मोशन ॲबनॉर्मॅलिटी, इथपर्यंत आलं. हायपोकायनेटिक म्हणजे हृदयाची भिंत कमी हलते, अकायनेटिक म्हणजे हलतच नाही, ही दोन कार्डं झाली. डिस्कायनेटिक राहिलंय, उद्या राउंडनंतर विचारते.